न्यूट्रलमधला हुंकार

बाबा आयुष्यभर ‘हं’ एवढंच बोलले. यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण फार नाही. मुलगी पसंत आहे का, असं आजोबांनी विचारलं तेव्हा ‘हं’. मुलगी झाली, असं नर्सने सांगितलं तेव्हाही ‘हं’. एखादी गोष्ट पटली नाही तर ते नुसते गप्प बसत, आणि त्यांचं गप्प बसणं असं होतं की समोरचा माणूस थोड्या वेळाने आपणहून मुद्दा मागे घेई आणि पाणी प्यायला आत जाई. त्यामुळे ते गेल्यावर त्यांची व्हॅन ‘हं’ म्हणायला लागली, तेव्हा घरात कुणी फारसं दचकलं नाही. आई तर म्हणाली, पहिल्यापेक्षा बरंच बोलतायत.

व्हॅन जुनी. माझ्याहून थोडीच लहान. बाबा तिच्यातून आरसे आणि काचा पोचवायचे. आत दोन्ही बाजूंना लाकडी चौकटी ठोकलेल्या, त्यांवर जुन्या गाद्यांचे तुकडे, आणि सीटच्या पाठीमागे मोठ्या आरशासाठी आडवी जागा. तिथे आरसा असला की गाडी चालवणाऱ्याला पुढच्या छोट्या आरशात मागचा रस्ता दिसत नाही, स्वतःची मान दिसते. स्वतःची मान कुणी सहसा बघत नाही. ती फार एकटी दिसते.

बाबा गेले त्या सकाळी असाच एक मोठा आरसा पोचवायचा होता. सोबत कुणीतरी बसून मागे हात लावायला हवा होता. बाबांनी आईला ‘चल’ म्हटलं, म्हणजे तिच्याकडे बघून किल्ली वाजवली. आई आदल्या दिवसापासून फुगलेली होती. स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि बाबा ‘हं’ म्हणून पेपर वाचत बसले होते. मला नाही यायचं, असं ती म्हणाली आणि भांडी जोरात लावायला लागली. बाबा एकटे गेले. वाटेत त्यांना बरं वाटेना. त्यांनी गाडी नीट कडेला घेतली, गिअर काढून न्यूट्रलला आणला, हँडब्रेक ओढला आणि गेले. इंजिन चालूच होतं. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, दमलेला माणूस झोपलाय. आरशाला तडासुद्धा गेला नाही. पुढच्या आठवड्यात मीच तो पोचवला. गिऱ्हाईक म्हणालं, उशीर झाला.

आणि बाबा गेले त्याच दिवशी, घरभर माणसं असताना, आत्या आईला बोलली. “वहिनी, तू सोबत गेली असतीस तर दवाखान्यात तरी नेलं असतंस त्याला.”

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिचं गॅरेज आहे. ती बोलते ते हातोडीने बोलते, मग कुणाच्या बोटावर पडलं ते नंतर बघते. यावेळी तिने बघितलंही नाही. त्या दिवसापासून नणंद-भावजयींचं बोलणं बंद झालं. आईच्या डोक्यात मात्र तेवढी एकच गोष्ट राहिली: मी गेले असते तर हे वाचले असते का? तिने ते मला एकदाच विचारलं, ताटं पुसताना, माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, डॉक्टरांना विचार. ती म्हणाली, डॉक्टर काय तिथे होते? तिथे कोण होतं म्हणशील, तर हे होते आणि ती गाडी होती.

मी तेव्हा लोकांना फोन करून त्यांना नको असलेल्या गोष्टी विकायची नोकरी करत होते. ती सोडली आणि व्हॅन चालवायला घेतली. तेव्हाच आवाज सुरू झाला. गाडी उभी, इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, की पायाखालून, पोटातून यावा तसा एक हलका घरघरता आवाज: हंऽऽ. मध्येच थांबायचा. परत यायचा. त्याला काही हिशेब नव्हता.

हिशेब लावला मामाने. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. विमा, कासवं आणि घरी बसून चालण्याचं यंत्र, एवढं विकून झालेला माणूस. एकदा मी निघायच्या तयारीत सीटवर बसलेले असताना तो खिडकीशी आला आणि गाडीलाच म्हणाला, “काय भाऊजी, विकून टाकू का हिला?” आवाज बंद झाला. मामा जागच्या जागी उभा राहिला. मग जरा दबक्या आवाजात म्हणाला, बरं, नाही विकत. तर लगेच: हंऽऽ.

इथे दुसरं एखादं घर असतं तर त्यांनी मेकॅनिक गाठला असता. आम्ही खुर्च्या बाहेर आणल्या. कारण पटलं की ‘हं’ आणि नाही पटलं की चूप, ही पद्धत आम्हाला कुणी शिकवावी लागली नाही. आम्ही सगळे तिच्यातच वाढलो होतो. मी सीटवर बसून इंजिन चालू ठेवायचे आणि बाकीचे विचारायचे. मामाने शहामृगं पाळण्याचा बेत सांगितला. गाडी इतकी गप्प झाली की त्याने बॉनेट उघडून आत बघितलं. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी येऊन विचारलं, आमच्या यांचं घोरणं कधी थांबेल का? गाडी गप्प. या उत्तरासाठी मेलेल्या माणसाची गरज नव्हती, पण बाईंचं समाधान झालं. त्या जाताना गाडीला नमस्कार करून गेल्या.

हसायला येत होतं, हे खरं. पण संध्याकाळी मी काचा उतरवून घरी यायचे, इंजिन बंद करायच्या आधी क्षणभर तशीच बसायचे, आणि शेजारच्या रिकाम्या सीटच्या खालून कुणीतरी माझा दिवस ऐकून घेतल्यासारखं हळूच ‘हं’ म्हणायचं. तेव्हा हसायला यायचं नाही. तेव्हा मी छोट्या आरशात बघायचं टाळायचे.

आई खिडकीबाहेर उभी राहून बोलायची. नळ दुरुस्त झाला. डाळिंबाचं झाड लावलं, जगेल असं वाटतंय. गाडी ‘हं’ म्हणत राहायची आणि आईचा चेहरा सैल व्हायचा. आत मात्र ती कधी बसली नाही. ती शेजारची सीट तिने त्या सकाळी नाकारली होती, आणि ती गोष्ट तिने विचारलीही नाही. विचारेल विचारेल म्हणून आम्ही सगळे वाट बघायचो. ती तोंड उघडायची आणि डाळिंबाबद्दल बोलायची.

मग गाडी बिघडत चालली. गिअर टाकताना करकर व्हायला लागली, मागे घ्यायचा गिअर तर दात खाऊनच पडायचा. एकदा उतारावर, मागे काचा भरलेल्या, मी क्लच पूर्ण दाबला तरी गिअर सुटेना. ब्रेकवर उभी राहून मी गाडी थांबवली. मागे काचांनी एकमेकींना हळूच स्पर्श केल्याचा आवाज आला, आणि तोही मला काहीतरी म्हटल्यासारखा वाटला. जवळच्या गॅरेजवाल्याने माझ्या शेजारी बसून एक चक्कर मारली. आवाज कधी येतो, कधी जातो, वेळकाळ नाही, तेव्हा गिअरबॉक्सच्या आतच काहीतरी सुटलंय, असं सांगून त्याने गाडी भंगारात द्यायचा सल्ला दिला. मामा म्हणाला, भाऊजींना विचारू. मी म्हटलं, यावेळी आत्याला विचारू.

गाडी उघडली की आवाज जाणार, हे आईला कळत होतं, आणि न उघडली तर मी कुठल्यातरी उतारावर जाणार, हेही कळत होतं. शेवटी म्हणाली, “ने वन्संकडे. पण उघडायच्या आधी मला बोलव. मला एक विचारायचंय ह्यांना.” काय विचारायचंय ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आत्याने भाऊ गेल्यापासून ती गाडी पाहिली नव्हती. ती एकदा गाडीभोवती फिरली, बाहेरचा आरसा बाहीने पुसला आणि वायपर बदलायचे असतात हे तुमच्या घराण्यात कुणाला माहीत आहे का, असं विचारलं. ते तिचंही घराणं होतं. मग कामाला लागली.

आधी तिने मला शेजारी बसवून गाडी स्वतः चालवली. सगळे गिअर टाकून बघितले. एखाद्याच गिअरला आवाज असता तर त्या गिअरचे दात खराब असते, असं ती चालवता चालवता स्वतःशीच बोलत होती. पण आवाज सगळीकडे सारखा होता. म्हणजे गिअर शाबूत. उरल्या दोन जागा. एक, गिअरबॉक्सच्या तोंडाशी जो दांडा शिरतो त्याचं बेअरिंग. ते गेलं असेल तर क्लच तळापर्यंत दाबल्याशिवाय आवाज थांबत नाही. दुसरं, क्लचचं स्वतःचं रिलीज बेअरिंग. ते ढिलं झालं की रिकामं घरघरतं, आणि पेडलवर नुसतं पायाचं ओझं टेकलं तरी गप्प होतं. पहिलं असेल तर गिअरबॉक्स खोलायचा, दुसरं असेल तर नुसता उतरवायचा. आत्याने मला सीटवर बसवलं, इंजिन चालू करायला सांगितलं आणि स्वतः लांब स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गाडीखाली गेली. त्याचं टोक ती लोखंडाला लावते आणि मूठ कानाला. डॉक्टरांची नळी कधी घरी विसरली तर त्यांनीही असंच करायला हरकत नाही.

“पाय काढ,” ती खालून म्हणाली.

मी सांगितलं की पाय नाहीये. मी नुसती बसलेय.

“काढ गं पाय.”

नाहीये म्हटलं ना. मग ती खालून सरपटत बाहेर आली, दार उघडलं आणि खाली बघत राहिली. मीही बघितलं. माझा डावा पाय क्लचवर होता. दाबलेला नव्हता. मांजर पायरीवर बसतं तसा टेकलेला होता. मला तो जाणवत नव्हता. दुसऱ्या कुणाचातरी पाय माझ्या चपलेत घालून ठेवावा, तसा तो तिथे होता. मी बघता बघता तो उचलला, आणि खालून आवाज आला: हंऽऽ.

आत्याने दाराला हात टेकला. बाबांचा पाय तसाच असायचा. मागे काच असली की गाडीला जराही हिसका बसता कामा नये, म्हणून ते क्लचवरून पाय काढायचेच नाहीत. क्लच म्हणजे बसायचा पाट नाही, बेअरिंग जातं, असं आत्या त्यांना जन्मभर सांगत आली. ते ‘हं’ म्हणायचे. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी लहानपणी शेजारच्या सीटवर बसायचे तेव्हा पायाने पाहिलं असणार.

बाकीचं तिने माझ्याकडून काढून घेतलं. खुर्च्या, प्रश्न, समोरच्या बाई, सगळं. मला काळजी वाटली की पाय टेकत होता, हायसं वाटलं की सुटत होता. शहामृगांपाशी ती एवढी हसली की तिला टायरवर बसावं लागलं. “म्हणजे त्याचा धंदा तू बुडवलास,” असं म्हणून तिने डोळे पुसले. मग तिने विचारलं की वहिनी कशाला येतेय.

मी सांगितलं.

ती टायरवरच बसून राहिली. रेडिओवर एक बाई उद्याचं हवामान सांगत होती. त्या बाईचं सांगून संपलं, जाहिरात झाली, तरी आत्या हातातला पाना एकाच बोटाभोवती फिरवत होती. तिला सांगून टाक, असं ती म्हणेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “मग विचार करून पाय ठेव.”

आई दुपारी आली. आत्याकडे तिने बघितलं, पण दारावरच्या पाटीकडे बघावं तसं. गाडीच्या खिडकीशी नेहमीच्या जागी उभी राहिली. मी इंजिन चालू केलं. यावेळी मी आधी डोळ्यांनी खात्री केली की पाय जमिनीवर आहे. आवाज येत होता. आत्या गाडीच्या पुढे उभी होती, आणि स्वच्छ झालेला पाना परत परत पुसत होती.

आईने डाळिंबाबद्दल काही सांगितलं नाही.

“मी त्या दिवशी आले असते,” ती म्हणाली, “तर तुम्ही वाचला असता का?”

मी पाय ठेवला. उभ्या आयुष्यात मी इतकी काळजीपूर्वक कुठली गोष्ट केली नाही. काचेवर काच ठेवावी तसा. आवाज बंद झाला. नाही. नसतो वाचलो. मी आईकडे बघितलं. तिचा चेहरा सैल होईल म्हणून थांबले. पण ती बॉनेटकडे बघतच नव्हती. खिडकीतून खाली बघत होती.

“तुझं मत कळलं,” ती म्हणाली. “आता पाय काढ. त्यांना बोलू दे.”

माझा पाय तिथेच राहिला. ती म्हणाली, “मला काय दिसत नाही का? जन्म गेला माझा त्या पायाशेजारी बसून.” आवाजात राग नव्हता. मग आतापर्यंत आपण बाहेर खुर्च्या टाकून काय करत होतो, असं मला विचारायचं होतं. पण तिचा हात खिडकीच्या काठावर होता आणि बोटं पांढरी पडली होती, म्हणून मी पाय काढला. नुसता काढला नाही, दोन्ही पाय वर सीटवर घेतले आणि हातांनी धरून ठेवले.

आवाज आला नाही.

इंजिन चालू होतं. न्यूट्रल होतं. पेडल मोकळं होतं, त्याच्यावर काहीही नव्हतं, आई आणि मी त्याच्याकडेच बघत होतो. गाडी गप्प होती. त्या गप्प बसण्याची पद्धत आम्हा सगळ्यांना माहीत होती.

आत्याने वाकून स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला. ग्रीस तापलं की असं होतं कधीकधी, असं ती म्हणाली. बेअरिंग थोडा वेळ धरून राहतं. कुणी तिला विचारलं नव्हतं. थोड्या वेळाने तिने तेच परत सांगितलं, यावेळी फक्त स्क्रू-ड्रायव्हरला.

आई फिरून पलीकडे गेली, दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर बसली. सीटखालून नेहमीची स्प्रिंग कुरकुरली. तिने दार लावून घेतलं, मांडीवर हात ठेवले आणि समोर बघत बसली. मागे एक न पोचवलेला आरसा आडवा होता. माझी नजर छोट्या आरशाकडे गेलीच. त्यात माना दिसत होत्या. दोनच होत्या. मोजाव्या लागल्या, हे काही बरं लक्षण नाही.

बऱ्याच वेळाने मी इंजिन बंद केलं. आत्या म्हणाली, उतरा दोघी, गाडी वर घ्यायचीय. मी हललेच नाही, कारण आई हलली नाही. आत्याने सांगून बघितलं की माणूस आत ठेवून गाडी वर घेत नाहीत, नियम आहे. आई माझ्याकडे बघून म्हणाली, त्यांना सांग, नियम त्यांच्याजवळ ठेवा. हे सगळं हाताच्या अंतरावर चाललं होतं. शेवटी आत्याने शिव्या देत जॅक लावला, खाली चारही बाजूंना स्टँड दिले, दोनदा हलवून बघितले, आणि आम्ही दोघी सीटवर बसल्या बसल्या थोड्या वर गेलो. गॅरेजच्या भिंतीवरचे पाने आमच्या डोळ्यांसमोरून खाली सरकले. आईने जन्मात पहिल्यांदा लिफ्टमध्ये बसावं तसं दार घट्ट धरलं.

मग आत्या दारातून आत वाकली, आमच्या मधला गिअरचा दांडा सोडवला, त्याचं रबर काढलं आणि खाली गेली. आता दांड्याच्या जागी गाडीच्या तळात एक भोक होतं. त्यातून तेलाचा वास येत होता, दिव्याचा उजेड येत होता आणि आत्याचं पुटपुटणं येत होतं. बोल्ट सुटायला लागले. कट-कट-कट. एक ढिला होई, ती दम घेई, पुढचा.

आई त्या भोकाकडे बघत होती. मग ती वाकली. इतकी, की तिचं कपाळ जवळजवळ माझ्या गुडघ्याला लागलं.

“वन्सं,” ती भोकात म्हणाली.

कट-कट थांबली. इतक्या महिन्यांत तिने ती हाक मारली नव्हती. खालून “काय” आलं. मातीखालून यावं तसं.

“माझ्या लेकीने सांगितलं. ह्यांनी सांगितलं. तुम्ही काय म्हणता?”

खाली दिवा हलला. आत्या म्हणाली की त्या दिवशी आपण जे बोललो ते डोकं ठिकाणावर नसताना... आईने तिला तिथेच तोडलं.

“त्या दिवसाचं राहू दे. मी विचारलंय ते सांगा.”

या वेळी टेकवायला माझ्याकडे काही नव्हतं. त्या भोकातून काहीही वर येऊ शकलं असतं.

“मी डॉक्टरांना जाऊन विचारलं होतं,” आत्याचा आवाज आला. “दुसऱ्याच दिवशी. गाडी कडेला घेतली तेवढाच वेळ होता त्याच्याकडे. कुणी शेजारी असतं तरी तेवढाच होता.” मग, आणखी खालून, “तुला येऊन सांगायला तोंड नव्हतं मला.”

आई तशीच वाकून राहिली. रडतेय की काय, ते मला तिच्या पाठीवरून कळेना. तिच्या जागी मी असते तर त्या भोकातून निदान गरम चहा तरी ओतला असता.

“तरी मी यायला हवं होतं,” ती शेवटी म्हणाली.

“हवं होतंस,” खालून आलं. आत्या ती आत्याच.

“हो.”

कट-कट परत सुरू झाली. जरा हळू. थोड्या वेळाने आत्या म्हणाली की आता गिअरबॉक्स सुटेल, ट्रॉली आहे पण ती डुगडुगते, कुणीतरी खाली येऊन एका बाजूने धरायला पाहिजे. मी पाय खाली सोडले. पण आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला बसवलं, बाह्या वर सारल्या, उंच झालेल्या दारातून उडी मारली, जी तिच्या वयाला शोभली नाही, आणि गाडीखाली गेली.

वर मी एकटीच राहिले. भोकातून मला दिव्याचा उजेड दिसत होता आणि दोन डोकी, जवळ जवळ. मग सगळी गाडी एकदा हलकीच थरथरली. पोटातून काहीतरी जड सुटलं.

“सोडू नकोस हं, वहिनी,” आत्या म्हणाली.

“धरलंय,” आई म्हणाली.